बोरन्हाण संध्याकाळी, फोटो सकाळी

आमच्या घरात माझ्या बाबांचा लहानपणीचा एकही फोटो नाही. त्यांचा जन्म १९५४ चा, हुबळीचा. तेव्हा हुबळी-धारवाड मुंबई राज्यात होतं. आजोबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कामाला, घरात खाणारी तोंडं नऊ. फोटो काढायचा नाही असं कुणी ठरवलं नव्हतं. फक्त दर वेळी तो पुढे ढकलला गेला. पाऊस संपू दे, मग दिवाळी होऊ दे, मग जावळ होऊ दे. बाबांचा सगळ्यात जुना फोटो म्हणजे मॅट्रिकच्या वर्गाचा. तिसऱ्या रांगेत उभे आहेत आणि अर्धा चेहरा पुढच्या मुलाच्या डोक्याआड आहे.

त्यामुळे माझी मुलगी झाली आणि जो तो ‘अगदी आजोबांवर गेलीय’ म्हणू लागला, तेव्हा बाबा हसून एकच शब्द बोलायचे, “पुरावा?”

पुरावा देऊ शकेल असं एकच माणूस उरलंय. बाबांची मोठी बहीण, माझी आत्या. वय ८०, राहायला धारवाडला. बाबांना कडेवर घेऊन ती हुबळीभर फिरली आहे.

मुलीचा चांगला फोटो काढायचा पहिला प्रयत्न आम्ही बेंगळुरूला केला, ती आठ महिन्यांची असताना. जुलै महिना, बाहेर पाऊस. स्टुडिओने दुपारी एकची वेळ दिली, आम्हीही ‘रविवार आहे, चालेल’ म्हणून घेतली. एक ही तिची झोपेची वेळ. त्यात अनोळखी माणूस, मोठे दिवे, टोपलीत बसवायची घाई. चाळीस मिनिटांत तिने कॅमेऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पैसे भरले आणि रडून लाल झालेल्या नाकाचे बारा फोटो घेऊन घरी आलो.

मी सॉफ्टवेअरवाला. काही बिघडलं की आधी कारण शोधायचं ही सवय. डोकं शांत झाल्यावर लक्षात आलं की मुलगी बरोबर होती, आमचं वेळापत्रक चुकलं होतं. पहिल्या दोन आठवड्यांत बाळ बहुतेक वेळ झोपलेलं असतं, तेव्हा झोपेतले फोटो छान येतात. दीड-दोन महिन्यांनी ते ओळखून हसायला लागतं. चार-पाच महिन्यांत पालथं पडून मान उचलतं. सातव्या-आठव्या महिन्यात बसतं, पण साधारण त्याच सुमारास परक्या माणसाला घाबरायलाही लागतं. आम्ही नेमका तोच महिना निवडला होता.

आपल्या सगळ्यांच्या अल्बममध्ये तो एक फोटो असतोच, आठवतोय? चादरीवर पालथं पडलेलं, मान वर करून बघणारं उघडंबागडं बाळ. जुन्या स्टुडिओवाल्यांनी ते वय विचार करूनच धरलं असणार. मान धरता येते, पण अजून रांगत पळून जाता येत नाही. त्याआधीच्या काळातल्या छायाचित्रकारांची तर याहून पंचाईत. एकोणिसाव्या शतकात एका फोटोला काही सेकंद लागत आणि तेवढा वेळ बाळ हललं की चेहरा पुसट. म्हणून युरोप-अमेरिकेत आईच्या अंगावर कापड घालून तिलाच खुर्चीसारखं बसवत आणि बाळ तिच्या मांडीवर. असे कितीतरी फोटो आज संग्रहांमध्ये आहेत. बाळ स्पष्ट, मागे कापडाचा एक ढीग.

दुसऱ्या प्रयत्नासाठी आम्ही जानेवारी ठरवला. मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची. आदल्या संक्रांतीला ती दोनच महिन्यांची होती, म्हणून बोरन्हाण राहिलं होतं. ते धारवाडला आत्याच्या घरी करायचं, ताईच्या साडेचार वर्षांच्या मुलाचंही सोबत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, म्हणजे सोयीचा दिवस निवडायला हातात बरेच दिवस. शिवाय धारवाडचा जानेवारी. पाऊस कधीच संपलेला, हवा कोरडी, ऊन स्वच्छ. हलव्याच्या दागिन्यांना कोरडी हवाच लागते. दमट दिवसांत ते चिकट होतात आणि मुंग्या पाहुण्यांच्या आधी येतात.

हुबळीला उतरलो. जगातल्या सर्वांत लांब फलाटांपैकी एक इथे आहे, १५०७ मीटरचा, २०२३ च्या मार्चपासून. कडेवर झोपलेलं मूल असेल तर त्यातला प्रत्येक मीटर जाणवतो. दुर्गदबैलच्या बाजारातून झबल्यासाठी काळं कापड घेतलं, उभ्याउभ्या गिरमिट खाल्लं आणि चिगरी बसने धारवाड गाठलं. अंतर वीसेक किलोमीटरचंच, पण धारवाड थोडं उंचावर. उतरल्याबरोबर हवेतला गारवा कळतो. आत्याचं घर साधनकेरीच्या बाजूला, जिथे द. रा. बेंद्रे राहत. घरची भाषा मराठी आणि कविता कन्नडमध्ये. आत्याच्या घरी आजही तसंच आहे. जमाखर्च मराठीत, भाजीवाल्याशी भांडण कन्नडमध्ये.

फोटोग्राफर हुबळीचा. फोनवर त्याने मोडक्यातोडक्या मराठीत पहिला प्रश्न विचारला, “पोरगी झोपते कधी?” बजेट नंतर, जागा नंतर. मी सांगितलं, सातला उठते, साडेसातला खाते, दहाला पुन्हा झोपते. “मग सव्वाआठ,” तो म्हणाला. जानेवारीत तिथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सव्वाआठला ऊन अंगणात तिरपं येतं, डोळ्यांत खुपत नाही. साडेनऊनंतर नाकाखाली सावल्या पडायला लागतात.

आता अडचण घरात आली. बोरन्हाण संध्याकाळी, हळदीकुंकवासोबत. सकाळी दागिने कसे घालायचे? आई म्हणाली, “एकदा घातलेले दागिने पुन्हा संध्याकाळी? बरं दिसेल का?” बायको म्हणाली, “मग संध्याकाळीच काढू या.” पण संध्याकाळी वीस बायका, ट्यूबलाइट आणि डोक्यावर बोरं-चुरमुरे पडताच गलका. शेवटी आत्या बोलली. “सकाळी घाला. देवाला चालतं. पोर रडायला नको.” विषय संपला.

त्या अर्ध्या तासात शिकलो ते सांगतो, कुणाला तरी उपयोग होईल. फोटोग्राफर दहा मिनिटं आधी येऊन कॅमेरा न काढता नुसता अंगणात बसला. मुलीने त्याला नीट बघून घेतलं. दागिने सगळ्यात शेवटी घातले, कारण पाचव्या मिनिटाला तिने हार चोखायला सुरुवात केली. ताई तिच्या मागे रांगोळीच्या भिंतीआड लपून बसली, पडली तर धरायला. त्या कापडाखालच्या आयांची मला आठवण झाली. भाच्याशी मात्र रोख सौदा झाला. तीन फोटो, मग एक तिळाची वडी.

काळ्या कपड्यांचीही एक गंमत आहे. कॅमेरा उजेड मोजताना समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. काळा झबला भरपूर दिसला की त्याला अंधार वाटतो, तो उजेड वाढवतो, मग झबला राखाडी आणि चेहरा पांढराफटक. मोबाइलवर काढत असाल तर चेहऱ्यावर बोट ठेवा आणि उजेड थोडा कमी करा.

“इल्ली नोड, पुट्टी,” फोटोग्राफर म्हणत होता, इकडे बघ. ती बघत नव्हती. मुकुट काढायच्या नादात तिने फतकल मारली, एक पाय दुमडून, दुसरा सरळ. पावणेनऊला त्याने कॅमेरा बंद केला. मला वाटलं, या वेळीही गेलं.

चार दिवसांनी मोठे प्रिंट आले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आत्याला काही दिसलं नव्हतं. तिची नजर आता अधू झाली आहे. प्रिंट घेऊन ती खिडकीशी गेली. हसरे फोटो तिने भराभर बाजूला ठेवले. तो फतकल मारलेला फोटो हातात धरून बराच वेळ बघत राहिली.

“बाबू अस्साच बसायचा,” ती म्हणाली. “उजवा पाय दुमडून. आई ओरडायची, पाय वाकडा होईल म्हणून.”

बाबा झोपाळ्यावर पेपर वाचत होते. आम्ही सगळ्यांनी एकदम तिकडे पाहिलं. डावा पाय खाली सोडलेला. उजवा दुमडलेला.