काढा कोणासाठी?

पुण्यात सर्दीचे दोन हंगाम. एक पावसाळा लागला की, दुसरा दिवाळी सरता सरता, सकाळी गारठा आणि दुपारी चटका सुरू झाला की. दोन्ही हंगामांत सासूबाईंचं फर्मान ठरलेलं, "अगं, मंडईत जाशील तेव्हा गवती चहा घेऊन ये."

त्या पातींबरोबर ठेचलेलं आलं, चार तुळशीची पानं आणि गुळाचा खडा. पण त्याला त्या औषध म्हणत नसत. "नाक मोकळं होतं, घसा शेकतो, झोप लागते. पुढचं अंग आपलं आपण बघतं," एवढाच त्यांचा दावा. साधी सर्दी बहुधा आठ-दहा दिवसांत आपसूक बरी होते, त्यामुळे श्रेय कुठल्याही काढ्याला देता येतं. त्यांनी ते कधी दिलं नाही.

औषध हवं असलं की आम्ही रविवार पेठेतलं काष्ठौषधींचं दुकान गाठायचो. सुंठ, पिंपळी, बेहडा, वेखंड यांची पोती आणि नाकात शिरणारा तिखट वास. दुकानदार तागडीला हात लावण्याआधी विचारायचा, "कोणाला द्यायचंय? खोकला कोरडा की कफाचा? बीपी आहे का?" सासूबाईंना बीपी आहे म्हटल्यावर त्याने ज्येष्ठमधाच्या काड्या परत पोत्यात टाकल्या. "आजी दिवसभर चघळत बसतील. नको." ज्येष्ठमध जास्त झालं, तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब चढतो, हे मला पुढे डॉक्टरांकडून कळलं. मध मागितला की त्याचा प्रश्न, "बाळ वर्षाचं झालंय ना?" वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम होऊ शकतो.

तिथेच सितोपलादि चूर्णाचं माप ऐकलं : खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. दर पायरीला निम्मं. तिखट पिंपळीच्या चौपट साखर! मापाला किती महत्त्व असतं, ते मला त्या उतरत्या आकड्यांनी पटवलं. अडुळशाचंही तसंच. कुंपणाला वाढणारं हे झुडूप, पण त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन तयार झालं. म्हणजे पाल्यात दम आहे. म्हणूनच तो ओरबाडून उकळायचा नाही.

मग ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले करोना रुग्ण पुण्यात सापडले आणि काढा प्रत्येक गॅसवर चढला. आयुष मंत्रालयाच्या काढ्याचं प्रमाण स्पष्ट होतं : तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, मिरी १, तीन ग्रॅम भुकटी दीडशे मिलिलिटर पाण्यात, दिवसातून एकदा-दोनदा. आमच्या सोसायटीत मात्र मूठ हेच माप. वरच्या मजल्यावरचे काका सकाळ-दुपार-संध्याकाळ पेलाभर रिचवायचे. जळजळ सुरू झाली, तोंड आलं, तरी थांबेनात. म्हणायचे, "अहो, प्रतिकारशक्ती वाढतेय!" कोणी कडुनिंबावरची गुळवेल तोडून आणली, ती गुळवेलच आहे ना, हेही न विचारता. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष नाकारला. सारख्या दिसणाऱ्या वेलीशी गल्लत होते, हा मुद्दाही पुढे आला. माझ्यापुरता धडा दोन्ही बाजूंतून एकच निघाला : वेल ओळखल्याशिवाय आणि यकृताचा आजार आहे का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती पोटात जाऊ द्यायची नाही.

करोनाच्या त्या काळात कृती घरोघर पोचली, दुकानदाराचे प्रश्न मात्र वाटेतच गळाले. कोणाला, किती आणि कधी थांबायचं, हे सुटलं की उरतो तो नुसता तिखट रस्सा.

आता सर्दी झाली की मैत्रिणी मला फोन करतात, "काढ्याचं प्रमाण सांग गं." मी आधी वय विचारते, बीपी विचारते, चालू गोळ्या विचारते. त्या वैतागतात. ताप उतरत नसेल किंवा धाप लागत असेल, तर मी प्रमाण सांगतच नाही, डॉक्टरांकडे पिटाळते. बाकीच्यांना गवती चहा, आलं, गूळ आणि लवकर झोप. फुकटचा सल्ला आहे, पण प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय मिळत नाही.