चिमुकला दुभाष्या

नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरकडची माळराने उसाने हिरवी केली. परंतु अतिपाण्यामुळे कित्येक जमिनी खारवटल्याही. पाणी केव्हा नि किती द्यावे, हा म्हणूनच तेथे जिव्हाळ्याचा प्रश्न होय. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने २०२४ साली उसाच्या मातीत ओलावा मोजणारे संवेदक रोवून पाहिले.

ओलावा सावलीसारखा हळूहळू सरतो. संगणकाला मात्र आकडेच कळतात. या दोघांमधील दुभाष्या म्हणजे नखाएवढी चिप. एका अंगाने ती विजेचा कमीजास्त होणारा दाब घेते, दुसऱ्या अंगाने आकडा देते. दहा बिटांची चिप त्या दाबाच्या १,०२४ पायऱ्या पाडते.

अशा संमिश्र-संकेत चिपांचा अभ्यास करणारा प्राध्यापक मोठा संशयी असतो, आणि तसाच असावा! रचना कितीही देखणी असो, तो दाब केसाकेसाने वाढवीत प्रत्येक पायरी उमटते की नाही, ते पाहतो. कधी ५११ नंतर एकदम ५१३ येते, ५१२ गडप! एका पायरीने पीक बुडत नाही, हे खरे. पण सदोष चिप गप्प बसत नाही. चुकीचा आकडाही ती तितक्याच ठामपणे सांगते. अशा चुका साचल्या, की ती ओल्या वावरालाही कोरडे म्हणेल आणि भिजलेल्या उसात पुन्हा पाणी सुटेल.