मुठीच्या मापाची काठी

वडीलधाऱ्यांस भेट देण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. शाल, श्रीफळ, चांदीचा पेला, फार झाले तर समई. या वस्तू वाईट नव्हेत. परंतु ज्यास द्यावयाच्या तो मनुष्य बदलला तरी वस्तू बदलावी लागत नाही, हा त्यांचा सोयीचा गुण आणि तोच त्यांचा दोष. आमच्या थोरल्या काकांचे सहस्रचंद्रदर्शन गेल्या वैशाखात झाले, तेव्हा हा विचार आमच्या मनात प्रकर्षाने आला. वयाची ८० वर्षे आणि वर सुमारे १० महिने झाले म्हणजे मनुष्याच्या आयुष्यात एक हजार पौर्णिमा येऊन गेलेल्या असतात. इतके चंद्र पाहिलेल्या माणसास असे काय द्यावे, की जे दुसऱ्या कोणास देऊन चालणार नाही? विचाराअंती आम्ही ठरविले की, त्यांस मासे गरविण्याची काठी द्यावी, आणि ती बाजारातून न आणता स्वतःच्या हातांनी करावी.

घाटावरील कित्येक वाचकांच्या कपाळास येथे आठी पडली असेल. त्यांस एवढेच सांगतो की, आम्ही सारस्वत; आमचे घर सिंधुदुर्गातील एका खाडीच्या काठी आहे, आणि मासा आमच्या ताटास वर्ज्य नाही. शिवाय गळ टाकून बसणे हा विनोद आपल्या विद्वानांसही अगदीच परका नव्हता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. आयझॅक वॉल्टन या इंग्रज गृहस्थाचा याच विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला तो १६५३ साली, म्हणजे पाच शतकांहून अधिक काळ लोटल्यावर.

असो. खरी अडचण शास्त्राची नव्हती, घराची होती. तीन वर्षांपूर्वी काकांस अर्धांगाचा झटका आला. औषधोपचाराने ते चालू-बोलू लागले; परंतु उजव्या हाताची मूठ पूर्वीसारखी आवळेना. त्यानंतर घरातील सर्वांनी मिळून असे ठरविले की, काकांनी धक्क्यावर जाऊ नये. त्यांची ११ फुटांची जुनी काठी नीट पुसून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवण्यात आली. हे सारे प्रेमापोटीच झाले, याविषयी शंका नाही. काकूंचे म्हणणे एकच होते : “पाण्याच्या कडेला तोल गेला, तर उत्तर कोण देणार?” या प्रश्नास कोणापाशी उत्तर नव्हते. काकांनी वाद घातला नाही. ते पडवीत आरामखुर्चीवर बसून खाडीकडे पाहत, आणि मधूनच, कोणी विचारले नसताही, “पाणी फिरले,” एवढेच म्हणत.

तेव्हा ही भेट म्हणजे नुसती वस्तू नव्हती. घराच्या निर्णयाविरुद्ध तो एक अर्जच होता. अर्ज फेटाळला गेला असता, तर काकांच्या डोळ्यांदेखत दुसरी काठीही माळ्यावर गेली असती. आणि सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी त्यांचा तसा अवमान होण्यापेक्षा काठी न केलेलीच बरी. म्हणून आमचा निश्चय असा झाला की, काठी अशी साधली पाहिजे, की तिनेच काकूंच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

बांबूसाठी आम्हांस लांब जावे लागले नाही. कोकणपट्टीत माणगा नावाचा बांबू होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ त्यास ‘डेन्ड्रोकॅलॅमस स्टॉक्सी’ म्हणतात. त्यास काटे नसतात, आणि इतर बांबू आत पोकळ असतात तसा तो नसून बुंध्याकडे जवळजवळ भरीव असतो. पावसाळ्यात फुटलेला कोवळा कोंब काठीस निरुपयोगी. तीन वर्षांचा जून बांबू लागतो. तो थंडीत तोडावा. त्या दिवसांत त्यातील पिठूळ अंश कमी असतो, आणि त्या अंशावर जगणारी कीड मग त्यास सहसा लागत नाही. आम्ही मार्गशीर्षात रजा काढून गावी गेलो, बेटातील एक सरळ बांबू निवडून तोडला, आणि तो पडवीच्या आढ्यास सावलीत टांगून पुण्यास परतलो. काकांस वाटले, मांडवाची तयारी चालली आहे.

फाल्गुनात बांबू चांगला वाळला. पेरांपाशी थोडा बाक होता, तो निखाऱ्यांच्या धगीवर शेकून, गुडघ्यावर हलकेच दाबून काढला. या कामात एक नियम पाळावा लागतो : बांबूची वरची साल तासावयाची नाही. त्याचे चिवट तंतू सालीजवळ दाट असतात आणि आत जावे तसे विरळ होत जातात. साल गेली की काठीचा प्राण गेला. ‘कलकत्ता केन’ या नावाने आपल्याकडचा बांबू एके काळी परदेशी जात असे, तेव्हा तेथील कारागिरांनीही हेच ओळखले होते. अमेरिकेतील ईस्टन गावच्या सॅम्युएल फिलिप या बंदुका व व्हायोलिने करणाऱ्या कारागिराने १८४० नंतरच्या दशकात बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या सालीची बाजू बाहेर ठेवून एकमेकींस चिकटविल्या, आणि त्यांच्या काठ्या केल्या. पुढे या कामी चीनमधील टोंकिन बांबू अधिक पसंत पडू लागला.

आता मापाचा प्रश्न. काठी डाव्या हाताने धरता येईल काय, असे आम्ही काकांस सहज म्हणून विचारून पाहिले. ते म्हणाले, “डाव्या हाताला मासा कळत नाही रे.” या एका वाक्याने काम कठीण झाले, आणि स्पष्टही झाले. काठी उजव्या हातासच साधली पाहिजे. तो हात दुबळा असला तरी जाणता होता.

त्यांच्या मुठीचे माप आम्ही वर्तमानपत्रावर घेतले. वर्तमानपत्राची गुंडाळी करून ती त्यांच्या हाती द्यावयाची, आणि रोज एकेक पान वाढवावयाचे. बारीक गुंडाळी बोटांतून निसटे. पाने वाढत गेली तसतशी पकड घट्ट होत गेली. दुबळ्या मुठीस जाड मूठ अधिक सोयीची पडते, हे त्यावरून प्रत्यक्षच दिसले. ज्या दिवशी आम्ही गुंडाळी ओढूनही ती सुटली नाही, त्या दिवशी तिचा घेर दोरीने मोजून ठेवला. तेवढ्याच घेराची मूठ काठीवर सुती दोरी गुंडाळून केली. मुठीच्या मागे काठी कोपरापर्यंत लांब ठेवली आणि तेथे कापडाचा रुंद पट्टा बसविला. त्यामुळे भार मनगटावर न पडता सबंध हातावर पडतो, आणि मूठ सैल झाली तरी काठी हातातून जात नाही. लांबी ११ फुटांवरून ७ फुटांवर आणली. कारण शेंड्याकडचे थोडेसे वजनही मुठीस कितीतरी पटींनी जाणवते.

शेंडा त्याच बांबूची एक बारीक कांब काढून केला. दोहोंची टोके तिरपी कापून चिकटविली, सांध्यावर रेशमी दोरा जवळ जवळ गुंडाळला, आणि त्यावर व्हार्निशचे हात दिले. रेशीम व्हार्निश प्यायले म्हणजे जवळजवळ पारदर्शक होते आणि खालचा बांबू त्यातून दिसू लागतो. शेंडा मात्र आम्ही मुद्दाम थोडा जाड ठेवला. शेवटचा शब्द ज्याची काठी त्याचा असावा, हा त्यातील हेतू.

समारंभाच्या दिवशी होम झाला, औक्षण झाले, शालींची रास पडली. आम्ही काठी पुढे ठेवली तेव्हा मांडवात थोडी कुजबूज झाली, आणि काकूंचा चेहरा उतरला. काकांनी काही न बोलता हात पट्ट्यात घातला, मूठ धरली, शेंडा दोनदा हालवून पाहिला. मग म्हणाले, “शेंडा ताठ आहे. काळुंदराचे तोंड नाजूक असते. असल्या शेंड्याने ते फाटेल. काच आण.” नव्या शालीसह ते तेथेच बसले, आणि त्यांच्या सांगण्याबरहुकूम आम्ही काचेच्या तुकड्याने कांबेची आतली बाजू खरवडू लागलो. तीन वर्षांत काकांनी कोणास असा हुकूम सोडलेला आम्ही ऐकला नव्हता. काकूंनीही तो ऐकला. त्या उठून आत गेल्या. परंतु काठीस नाही म्हणाल्या नाहीत.

पुढे अटी ठरल्या. काकांनी एकटे जावयाचे नाही. धक्क्याच्या कडेपासून चार हात मागे, पाठीच्या खुर्चीवर बसावयाचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जावयाचे नाही, अष्टमीच्या आसपास पाण्याचा जोर कमी असतो तेव्हा, म्हणजे भांगेलाच जावयाचे. काकांनी सर्व अटी मान्य केल्या. फक्त चार हातांचे दोन हात करून घेतले.

वद्य अष्टमीच्या संध्याकाळी आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. कोळंबीचे आमिष लावून दोरी पाण्यात सोडली. बराच वेळ गेला. आम्हांस काही दिसले नाही, दोरी हालली नाही, शेंडाही वाकला नाही, परंतु काका एकदम म्हणाले, “आला होता. गेला.” त्यांच्या तोंडावर जे समाधान दिसले, ते मासा टोपलीत पडला असता तर याहून अधिक दिसले असते, असे आम्हांस वाटत नाही. मूठ आवळत नव्हती तरी तिची ओळख बुजली नव्हती, याची त्यांस त्या क्षणी खात्री पटली.

माणसास जपावे, हे खरेच. परंतु जपण्याच्या भरात त्याच्या वस्तूंबरोबर त्याचे जाणतेपणही कापडात गुंडाळून माळ्यावर जात नाही ना, हे घरोघरी एकदा पाहण्याजोगे आहे. धोका टाळावयाचा तर माणसास बसवून ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय. मूठ जाड करणे, पट्टा लावणे, खुर्ची मागे सरकविणे, हे उपाय वेळ घेतात आणि त्यांसाठी त्या माणसाकडे नीट पाहावे लागते. एवढाच काय तो फरक.

त्या दिवशी मासा मिळाला नाही. रिकामी टोपली पाहून काकू काही बोलल्या नाहीत. जेवणे झाल्यावर त्यांनी पाने काढता काढता विचारले, “उद्या भरती किती वाजता?” तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ अदमासाने निघते, हा आमच्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. नवमीच्या भरतीसाठी काकांनी पंचांग मागितले नाही. “पावणेसात,” ते म्हणाले.