नेमकं कुठलं पान?

कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत 17 ऑक्टोबर 2018 पासून घरी गांजाचं झाड लावायला कायद्याची आडकाठी नाही; ऑन्टॅरिओत दर घरी चार झाडं चालतात. आमच्या तळघरातल्या कापडी तंबूत दोनच आहेत, तीही नवऱ्याच्या हौसेची. तो कामासाठी बाहेरगावी गेला आणि ऐन फुलोरा माझ्या गळ्यात आला.

उजेड बारा तासांवर आणला की झाड फुलायला घेतं, इतकं ठाऊक होतं. फुलायच्या आधी ते असं बेफाम उंच होतं, हे मात्र कोणी बोललं नव्हतं. पानावर पान, आत हवा नाही, खालच्या कळ्यांना उजेड नाही. बियाण्याच्या दुकानातला मुलगा म्हणाला, तिसऱ्या आठवड्यात मोठी पानं सरसकट उतरवा. शेजारचे आजोबा म्हणाले, एकालाही हात लावू नका, झाडाचं पोट त्यांच्यावरच आहे. आता दोघंही पिकवणारे!

शेवटी दिंडोरीच्या द्राक्षवाल्या मामांना व्हिडिओ कॉल लावला. आधी पोटभर हसले. "इथं लावलं असतंस, तर छाटणी पोलिसांनीच केली असती." मग बारकाईनं बघायला लागले. "घडाभोवती हवा खेळायला पाहिजे, नाहीतर कूज धरते. पण घड पोसतं ते पानच. ते मोजून राखायचं."

"यात घड कुठला धरायचा, मामा?"

"ते तूच बघ बाई."

मामांची कुजीची भीती खोटी नाही. द्राक्ष नासवणारी करडी बुरशी या दाट कळ्यांतही शिरते. म्हणून थोडी पानं काढायचं ठरवलं, पण सकाळी दिवे लागल्यावरच तंबू उघडला. काळोखाच्या बारा तासांत उजेड शिरत राहिला तर मादी झाडावर नरफुलं येऊ शकतात म्हणे. कात्री स्पिरिटनं पुसली. लांब देठाची, आतल्या बाजूला दाटलेली, दुसऱ्यावर सावली धरणारी पानं तेवढी काढली. कळीतून डोकावणारी, राळेनं पांढरट झालेली छोटी पानं तशीच ठेवली. तळाची पिवळी पानं बघून आधी धसकाच घेतला होता. पण जुनं पान आपला नत्र वरच्या वाढीला देऊन पिवळं पडतं, तो रोगच असतो असं नाही. ती तर बोट लागताच गळली.

भारतातल्या 1985 च्या कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. नुसतं पान त्यात धरत नाहीत. म्हणजे माझी टोपली गांजानं नव्हे, पानांच्या भांगेनंच भरत होती! सासूबाईंना हे सांगितलेलं नाही.

नवऱ्याला फोटो पाठवला. म्हणाला, "छान, पण काढलीस कुठे?" तोच फोटो मामांना पाठवला. म्हणाले, "फार काढलीस गं."