सांडलेलें दूध आणि पावलांची लय

भरलेला पेला घेऊन दहा पावलें चालावें, तों दूध वा चहा कांठावरून खालीं उतरतो; आणि उतरला कीं बोल लागतो तो मुलाला, अथवा घरांतल्या नव्या सुनेला. "लक्ष कुठें असतें?" हा प्रश्न कोणत्या घरीं ऐकूं येत नाहीं? आमचा जन्म मुलें शिकविण्यांत गेला. अशा बोलाचा व्रण मुलाच्या मनांत किती काळ राहतो, हें आम्हांस ठाऊक आहे. म्हणून या अपराधाचा निवाडा पदार्थविज्ञानाकडून करून घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

झोपाळ्याला जशी आपली एक लय असते, तशीच पेल्यांतील द्रवालाही असते. त्या लयीनें रेटला तर हलक्या रेट्यानेंही झोका चढत जातो. सात सेंटिमीटर रुंद पेल्यांतलें दूध सेकंदाला सुमारें साडेतीन वेळां डुलतें. मोठ्या माणसाचीं पावलें सेकंदाला दोनांच्या आसपास पडतात. लहान मुलाचीं आखूड व भरभर पडणारीं, म्हणून तीं दुधाच्या लयीला अधिक जवळचीं. उलट भांड्याची रुंदी दुप्पट केली तर डुलणें अडीचांवर येतें. आणि आमटीचें पातेलें घेऊन लगबगीनें पंक्तींत वाढणारी सून त्याच पेचांत सांपडते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील हॅन्स मेयर व रुस्लान क्रेचेत्निकोव्ह यांनीं २०१२ सालीं यावर निबंध प्रसिद्ध केला. कॉफी बहुधा सातव्या ते दहाव्या पावलाच्या दरम्यान सांडते, असें त्यांस आढळलें. लय तंतोतंत जुळली नाहीं तरी पावलागणिक बसणारे बारीक हिसके लाट वाढवितात. एकदम वेगानें निघाल्यास पहिली लाटच मोठी उठते. पेल्यावर लक्ष ठेवून चालल्यास हे हिसके कमी होतात.

आमचे दूधवाले भांड्यांत गवत खोंचीत, तेंही उगाच नव्हे. काड्यांना घासून लाटेचा जोर मोडतो.

सावकाश निघणें, नजर पेल्यावर ठेवणें, हें सारें मुलाला शिकवितां येतें. वेंधळेपणाचा शिक्का मात्र एकदां बसला कीं पुसणें कठीण. तेव्हां वडीलधाऱ्या मंडळींस आमची विनंती एवढीच कीं, मुलाच्या हातीं पेला देतांना तो दोन बोटें उणा भरावा, आणि तें चालत असतां मागून हांक मारूं नये.