भिजलेलं धान्य

बाजारातल्या धान्याच्या ढिगात पैगंबरांनी (स.) हात घातला, तर आतलं धान्य ओलं लागलं. हे लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विक्रेत्याला विचारलं. ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. अमेरिकेतल्या एका खटल्याविषयी वाचताना ती पुन्हा आठवली.

ग्री या चिनी एसी कंपनीची डीह्युमिडिफायर, म्हणजे खोलीतला ओलावा शोषून घेणारी यंत्रं, तिथे विकली जात. ती तापून पेट घेऊ शकतात, हे कंपनीला २०१२मध्येच कळलं होतं. असा दोष २४ तासांत सरकारला कळवावा, असा तिथला कायदा आहे. तरी विक्री चालू राहिली. वीस लाखांहून जास्त यंत्रं परत मागवली गेली, ती सप्टेंबर २०१३मध्ये. पुढे २०२१मध्ये कंपनीने ९ कोटी १० लाख डॉलर भरायचं कबूल केलं. २०२३मध्ये कॅलिफोर्नियातले दोन अधिकारी वेळेत न कळवल्याबद्दल दोषी ठरले.

फिकहमध्ये ‘खियारे-ऐब’ आहे: ऐब निघाला तर गिऱ्हाइकाला माल परत करता येतो. आपल्याकडच्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही घातक माल परत मागवण्याची तरतूद आहे. पण यंत्राच्या आतला ऐब गिऱ्हाइकाला दिसत नाही. तो आधी विकणाऱ्यालाच कळतो. म्हणून सांगण्याची जबाबदारीही त्याचीच, आणि विक्री झाली म्हणून ती संपत नाही. ओल्या धान्यात पैसे बुडतात. इथे रात्री झोपलेलं घर पेटतं.