धावतीला वारा, उभीला पंखा

रत्नागिरी हे आमच्या आईचे माहेर. वयाची ऐंशी उलटली, तरी तिच्या बोलण्यात 'आमच्याकडे' म्हणजे मांडवी आणि 'तुमच्याकडे' म्हणजे मुंबई! यंदा श्रावणातच तिने मला बजावले, "दादा अठ्ठ्याऐंशीचा झाला. या गणपतीला मला घेऊन चल. पुढच्या वर्षीचं कुणी पाहिलंय?"

नाही म्हणण्याची माझी प्राज्ञा नव्हती. पण आमच्या मोटारीचे दुखणे आईला ठाऊक नव्हते. बारा वर्षांची ही मोटार मोकळ्या रस्त्यावर हरणासारखी पळे, गर्दीत अडकली की मात्र तिचा पारा चढे. मुंबईतल्या एका गॅरेजमध्ये आधी थर्मोस्टॅट बदलला. गुण आला नाही, तेव्हा निदान झाले, "हेड गॅस्केट गेलंय. इंजिन खोलावं लागेल. चाळीस हजार." आकडा ऐकून मी 'गणपतीनंतर पाहू' म्हटले आणि घरात अवाक्षर काढले नाही.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी पहाटे निघालो. माणगावला मोटारींची रांग लागली आणि व्हायचे तेच झाले. एसीतून कोमट हवा येऊ लागली, तापमानाचा काटा वर सरकला. मी एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडते आणि काटा जरा खाली येतो. पण ती उष्णता पडते कुठे? आमच्या अंगावर! सौभाग्यवतीने माझ्याकडे एकदाच पाहिले. आई मात्र काही बोलली नाही. पदराने तोंड पुसत ती आपल्या लहानपणच्या आगबोटीच्या गोष्टी सांगू लागली. बोट दूर समुद्रात उभी राही आणि पडावातून धक्क्यावर यावे लागे. "तेव्हाही ओकाऱ्यांनी जीव जायचा," ती म्हणाली, "पण मांडवी दिसली की सगळं विसरायचं." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पुढे रस्ता मोकळा मिळाला. कशेडीचा बोगदा, चिपळूण, संगमेश्वर मागे पडले. काटा निमूटपणे मध्यावर. हातखंब्याला उजवीकडे वळलो. शहर बारा-तेरा किलोमीटरवर आले, आणि कुवारबावला पुन्हा गर्दी! या वेळी बॉनेटखालून वाफच निघाली.

जवळच एक गॅरेज होते. पत्र्याची शेड, पुढे फणसाचे झाड. मिस्त्री पन्नाशीचे. त्यांनी आधी आईला सावलीत खुर्ची दिली, पाणी दिले. मी रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला, तसे ते ओरडले, "हात लावू नका! आत दाबाखालचं पाणी आहे. शंभराच्या वर तापलेलं असतं. झाकण उघडलंत तर तोंडावर येईल."

मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तापते ती धावताना, की उभी असताना?"

"उभी असताना. आणि तेव्हा एसीही गार करीत नाही."

मिस्त्री हसले. "मग अर्धं निदान तुम्हीच केलंत की! धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीला तो पंख्याने ओढून घ्यावा लागतो. एसीलाही तोच पंखा. आता सांगा, तुमचा पंखा शेवटचा कधी ऐकलात?"

मला आठवेना. महिन्याभरात इंजिन, थर्मोस्टॅट, गॅस्केट एवढे शब्द कानांवर पडले; पंख्याचे नाव कुणी काढले नव्हते.

गाडी निवल्यावर त्यांनी तेलाचे झाकण काढून दाखवले. "गॅस्केट जाऊन तेलात पाणी शिरलं, तर इथे बहुधा ताकासारखा फेस दिसतो. तुमचं तेल स्वच्छ आहे." रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे नव्हते, धुरांड्यातून पांढरा धूर नव्हता. मग बॅटरीपासून दोन तारा थेट पंख्याला जोडल्या. पंखा भर्रकन फिरला! म्हणजे मोटर शाबूत. फ्यूज पाहिला, तोही धड. राहिला रिले. काड्यापेटीपेक्षाही लहान अशी ती डबी. इंजिन तापले की हीच पंख्याला वीज सोडते. मिस्त्रींनी हॉर्नचा रिले काढून तिथे बसवला. दोन्ही एकाच जातीचे होते. इंजिन चालू केले, एसी लावला, आणि पंखा गुणगुणू लागला. जुन्या रिलेचे पाय हिरवे पडून गंजले होते.

नवा रिले बसला. रेडिएटरच्या जाळीत रस्त्याची तांबडी माती थापली होती, ती पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन काढली. कमी झालेले कूलंट भरले. मग मिस्त्रींनी गाडी जागच्या जागी वीस मिनिटे चालू ठेवायला लावली. "उभ्या गाडीचं दुखणं उभ्यानेच तपासायचं." काटा मध्याच्या जरा वर गेला, पंखा लागला, काटा उतरला, पंखा थांबला. असे तीनदा झाले. रिलेचे दोनशे आणि मजुरीचे तीनशे! चाळीस हजारांचे दुखणे पाचशेत उतरले. पण त्याहून जास्त मला टोचत होते ते हे, की त्या आकड्याला भिऊन मी आजारी गाडीत म्हाताऱ्या आईला बसवले होते. ते मी तिथेच तिला सांगून टाकले.

"मला माणगावलाच कळलं होतं," आई म्हणाली. "भर भाद्रपदात हीटर लावलास तेव्हा!"

दिवे लागायच्या वेळी मारुती मंदिरावरून मांडवीला पोहोचलो. मामा काठी टेकून दारातच उभे होते. आईने गाडीतूनच हाक मारली, "दादा!" पुढचे मला सांगता येणार नाही; मी सामान काढण्याच्या निमित्ताने पाठ फिरवली होती.

दुसऱ्या दिवशी भावंडांना थिबा पॅलेस दाखवायला नेले. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी १९१० मध्ये बांधलेला हा वाडा. राजा १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. त्याला पुन्हा आपल्या मुलखाचे दर्शन घडले नाही. आई बराच वेळ त्या वाड्याकडे पाहत राहिली. मग मामांचा हात धरून म्हणाली, "चल, घरी जाऊ. मखर अजून व्हायचंय."

परतताना माणगावला पुन्हा दोन तास अडकलो. मागच्या सीटवर आईचे डोळे मिटलेले. झोपली असावी असे वाटले, तोच ती पुटपुटली, "लागला हो पंखा!"